जोडाखालची पालवी

संत्र्याचं कलम भरणं हे एकट्या माणसाचं काम नाही, निदान आमच्या घरी तरी नव्हतं. रानटी जंबेरीचं रोप आधी वाढवायचं, कारण त्याची मुळं चिवट असतात आणि काळ्या जमिनीत तग धरतात. रोप बोटाएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याची साल सुरीने उभी-आडवी चिरायची आणि त्या चिरेत चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा न फुटलेला कोंब, सरकवायचा. हे एकाने करायचं. दुसऱ्याने तेवढ्याच झटपट त्यावर केळीच्या सोपटाचा ओला धागा गुंडाळून गाठ मारायची. डोळा वाऱ्याने सुकला की मेला. डोळा लागला की वरची जंबेरी छाटून टाकायची. मग खाली खुंट जंबेरीचा आणि जोडाच्या वर सगळं झाड संत्र्याचं. घरात आम्ही ‘डोया’ म्हणायचो. शाळेत जाऊन मी ‘डोळा’ म्हणायला लागले तेव्हा मायने मला ‘पुण्याची बाई’ असं नाव पाडलं होतं. आमच्याकडे एक रीत होती. ज्याने डोळा भरला आणि ज्याने बांधला, त्या दोघांखेरीज तिसऱ्या कुणाचं हत्यार पहिला बहर येईपर्यंत त्या झाडाला लागायचं नाही. ही रीत कुठून आली ते माझ्या वडिलांना, आबांनाही माहीत नव्हतं. पण आमच्या मळ्यात ती कुणी मोडली नव्हती.

ज्या कुंड्यांबद्दल मी लिहिते आहे, त्यांतले डोळे माझ्या मोठ्या भावाने, गणपतदादाने भरले होते आणि वहिनीने बांधले होते. डोळ्यांच्या काड्या वहिनीच्या माहेरून, अकोल्याहून आणल्या होत्या. मोर्णा नदीच्या काठी तिच्या बापाच्या मळ्यात संत्र्याचं एक जुनं झाड होतं, त्याच्या फळाची साल नुसत्या अंगठ्याने सुटायची. दादाने त्या काड्या ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या सोपटात गुंडाळून आगगाडीने बडनेऱ्यापर्यंत मांडीवर आणल्या. घरी आल्यावर हातपायसुद्धा न धुता दोघं अंगणात बसली. रोपं जमिनीत न लावता कुंड्यांत लावली होती, कारण दादाला ती येता-जाता बघायची होती. वहिनीची बोटं इतकी चपळ होती की दादाची सुरी सालीतून निघते न निघते तोच धागा बसलेला असायचा. ‘हे बांधते का चोरी करते?’ असं दादा म्हणाला आणि वहिनीने ओल्या धाग्याचा फटका त्याच्या मनगटावर मारला. सासू-सासऱ्यांच्या देखत तिने केलेला तेवढाच एक खट्याळपणा मला आठवतो.

वहिनी या भाद्रपदात गेली. तेव्हापासून मी हे लिहिते आहे. दिवसाला अर्धं पान होतं, कधी तेवढंही होत नाही. माझ्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांच्या गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या कुंड्या दिसतात. त्यांना रोज नळीने पाणी घालतात, जास्तच घालतात. मी काही बोलत नाही.

आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला होता. विहिरीपलीकडे संत्र्याची बाग, अलीकडे वांगी, मेथी, कांदा, आणि बांधाने मोगरा आणि शेवंती. घर मळ्यातच होतं. सकाळ दोन आवाजांनी व्हायची. एक आबांच्या मोटेचा, चाकाची कुरकुर आणि मग थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा धबाका. दुसरा गावाकडून येणारा, कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या भोंग्याचा. कापसाच्या दिवसांत भोंगा वाजला की माय तव्यावर पहिली भाकर टाकायची. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि आंबाडीची भाजी असली तर वरून लसणाची फोडणी. मी पुस्तक मांडीवर ठेवून जेवायची. माय म्हणायची, ‘शांते, अक्षर गियून राहिली का भाकर?’ तेव्हा मी व्हर्नाक्युलर फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेची तयारी करत होते. आमच्या आसपासच्या माळ्यांच्या घरांत इतकी शिकलेली मुलगी नव्हती. मी शिकावं हा हट्ट दादाचा होता.

कलमं भरली त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात दादा तापाने गेला. त्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं की त्याला हुडहुडी भरायची, आणि पाऊस उघडला की माय त्याची बाज ओढून अंगणात, उन्हात आणायची. दादा गेल्यावर माय स्वयंपाक करायची, वाढायची, आणि स्वतः भाकरीचा एक कोपरा मोडून पाण्याबरोबर गिळायची. दसरा-दिवाळीला चुलीवर कढई चढली नाही. शेजारणी फराळाचं ताट आणून ओट्यावर ठेवायच्या आणि न बसता परत जायच्या. वहिनीचा भाऊ नारायण दिवाळीत तिला न्यायला आला होता. आमच्यात विधवेचा पाट लावतात, तिला दुसरं घर करून देतात. वहिनी विशीचीही नव्हती, पदरी मूल नव्हतं. तिने माहेरी जावं आणि पुढे बापाने तिचं बघावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. पण मायने तिला पाठवलं नाही. ‘वर्ष होऊ द्या’ म्हणाली. नारायण एकटा परत गेला. वहिनीने बांधलेलं गाठोडं सोडलं नाही, तसंच उतरंडीमागे सारून ठेवलं. ते मी रोज पाहायची.

पौषात एका संध्याकाळी वारा एकदम पडला. आभाळ इतकं स्वच्छ होतं की आबा खळ्यात उभे राहून बराच वेळ वरच पाहत होते. ‘आज गारठा उतरते,’ ते म्हणाले. वऱ्हाडात थंडी पडते, पण पिकं जळावीत अशी क्वचितच. आबांनीच ती एकदा पाहिली होती, तेही लहानपणी. आम्ही सगळ्यांनी वांग्याच्या वावरात कापसाच्या ओल्या पऱ्हाटीचे ढीग रचून पेटवले, धूर धरला. आबा, वहिनी आणि मी तिकडेच होतो. माय घरी होती, आणि अंगणातल्या कुंड्या कुणाच्याच ध्यानात आल्या नाहीत.

सकाळी भोंगा वाजला तेव्हा मळ्यावर कुणी चुन्याची फक्की उधळल्यासारखं दिसत होतं. दव पानांवरच गोठलं होतं. केळीच्या पानाला बोट लावलं तर कडकन आवाज झाला. मी घराकडे धावले ते मायला हे नवल दाखवायला, पण तिने ते आधीच पाहिलं होतं. दादाच्या कुंड्यांवर पांढरा थर होता आणि माय न्हाणीतल्या चुलीवरचं कढत पाणी तांब्याने त्यांच्यावर ओतत होती. ‘लेकरू गारठलं वं, लेकरू गारठलं,’ असं पुटपुटत होती. पाणी ओतून झाल्यावर तिने एकेक कुंडी भिंतीच्या सावलीतून ओढून उगवत्या उन्हात आणली. वहिनी माझ्या मागोमाग आली होती. तिने ते पाहिलं, तिचा हात अर्धा वर झाला आणि तसाच खाली आला. सासूचा हात ती कसा धरणार?

दुपारपर्यंत सगळी पानं उकडलेल्या आंबाडीसारखी काळपट होऊन लोंबायला लागली. आबा वावरातून आले, कुंड्यांपुढे उकिडवे बसले. ‘उन्हात नव्हतं ठेवाचं,’ एवढंच म्हणाले.

‘मले काय मालूम?’ माय म्हणाली. तिचा आवाज चढला होता. ‘पोराले हिव भरे तवा उन्हातच बसवत होतो नं आपन?’

आबा उठून गेले. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी मोकळं बोललं नाही. मायने चूक केली हे सगळ्यांना कळलं होतं, मायलाही. आणि ते कुणी उच्चारत नव्हतं, म्हणून ते सगळीकडे होतं. पाणी शेंदताना होतं, ताटं मांडताना होतं.

मळा हळूहळू सावरला. वांगी उपटावी लागली. केळी काळ्या पडल्या, पण आबांनी त्यांना हात लावू दिला नाही, आणि जळक्या पानांच्या मधून एक दिवस हिरवी सुरळी वर आली. मोगरा जमिनीपर्यंत गेला होता, तोही मुळातून फुटला. कुंड्यांचं आबांनी जातीने केलं. काळी पानं तोडायची नाहीत, काड्या छाटायच्या नाहीत. मेलेलं असलं तरी ते खालच्या जित्यावर पांघरूण असतं, असं ते म्हणाले. पूर्वेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी केली, सकाळचं ऊन थेट लागू नये म्हणून. दिवस कलताना वरून पोतं टाकायचं, दिवस वर आला की काढायचं. पाणी थोडं, तेही ऊन चढल्यावर. खत मुळीच नाही. वाट पाहायची. एकेक करून कुंड्या मेल्या. काडीला नखाने खरवडलं की आत तपकिरी निघायचं, आणि आबा ती कुंडी उचलून विहिरीमागे ठेवून यायचे. शेवटी एकच कुंडी राहिली. तिची वरची काडी बरीचशी वाळली होती, पण जोडाच्या जवळ सालीखाली अजून हिरवं लागत होतं.

माघात नारायण परत आला. तो भिडस्त माणूस होता, पण या वेळी बापाने त्याला बजावून पाठवलं असावं. ओट्यावर बसून त्याने चहाची बशी हातात फिरवत ठेवली. ‘आत्याबाई, बाबा म्हनत होते का आता अनसूले...’

अनसू हे वहिनीचं माहेरचं नाव. मायने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. अंगणातल्या कुंडीकडे बोट केलं. ‘नारायणराव, ते त्याच्या हातचं शेवटलं आहे. ते फुटू द्या, मंग घेऊन जा तिले. म्या अडवनार नाही.’

‘अन् नाही फुटलं तं?’

माय उठून आत गेली. नारायणने आबांकडे पाहिलं, आबांनी तंबाखूच्या चंचीकडे. वहिनी दाराआड उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता आणि त्यावर राग नव्हता, नुसता हिशेब होता. एका कुंडीवर तिचं जाणं टांगलं गेलं होतं.

त्यानंतर माय दिवसभर त्या कुंडीच्या अवतीभवती असायची. धान्य निवडायला तिथेच बसायची. बोलायची नाही, पण ओठ हलायचे. एका सकाळी मी वेणी घालत होते तेव्हा ती अंगणातून ओरडली, ‘फुटलं वं! शांते, फुटलं!’ काडीच्या बुडाशी कोवळ्या फुटव्यांचा झुबका दिसत होता, तकतकीत, पोपटी. मायने गूळ फोडला. आम्हाला दिला, मोटेच्या बैलांना दिला, रस्त्याने जाणाऱ्या गुराख्याला हाक मारून दिला. त्या दिवशी ती चुलीपुढे बसून अख्खी भाकर जेवली. आबा तिच्या ताटाकडे पाहत होते आणि त्यांचा स्वतःचा घास हातातच होता.

दुपारी वहिनी आणि मी विहिरीवर मेथीच्या जुड्या धूत होतो. वहिनी म्हणाली, ‘शांता, ते जोडाच्या खालून आहे.’

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. ‘म्हणजे जंबेरी?’

‘जंबेरी. मामाजीले मालूम आहे. त्यायनं पायल्याबरोबर मान फिरवली.’ तिने जुडी आपटून पाणी झटकलं. ‘वर एक डोया जिता आहे. लहान आहे, पन आहे. खालचे असे मातले तं त्याले काही भेटनार नाही. मरन तो.’

‘मग आबा बोलत का नाहीत?’

‘आत्याबाई जेवल्या नं आज.’

मी एक जुडी पाण्यातून काढली. मग विचारलं, ‘आणि तू काहीच बोलली नाहीस तर?’

‘तं नारायणदादा येईन अन् मी अकोल्याले जातो,’ वहिनी म्हणाली. ‘फुटू द्या म्हनलं होतं आत्याबाईनं. फुटलं.’ आणि तिने पुढची जुडी उचलली. मेथीची मुळं ती इतकी घासत होती की पानं तुटत होती.

पुढचे दिवस मला अजून अंगावर येतात. फुटवे रोज वाढत होते. जंबेरी अशीच असते, वरचं मेलं की दुप्पट जोराने फुटते. त्यांना बारीक काटेही आले. माय त्यांच्यावरून हात फिरवायची. आबा त्या बाजूने जायचं टाळून गोठ्याला वळसा घालायचे. वहिनी पोतं टाकायला-काढायला कुंडीपाशी जायची तेव्हा वाकून, अगदी जवळून काडीकडे पाहायची, आणि मी लांबून वहिनीकडे. तिने मान हलवली नाही म्हणजे वरचा डोळा अजून आहे, असं मी समजायची. तिला विचारायचा धीर मला झाला नाही.

मायने अकोल्याला निरोप धाडला, आणि नारायण आला तो बैलाची दमणी भाड्याने घेऊनच. सकाळची वेळ होती. मायने लाह्या आणि गूळ फडक्यात बांधून दिला, वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला. गाठोडं गाडीत गेलं. वहिनी आबांच्या पाया पडली, मायच्या पडली, मग गाडीकडे न जाता आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दादाची कलमं भरायची सुरी होती. ती सरळ कुंडीकडे निघाली. मायचं वय झालं होतं, पण ती वहिनीच्या आधी तिथे पोचली आणि कुंडीला पाठ लावून खाली बसली.

‘काय करून राहिली वं?’

‘आत्याबाई, सरका थोडं.’

‘ठेव ते सुरी. कोनाची आहे ते मालूम आहे नं?’

‘मालूम आहे.’

‘बहर येवपर्यंत हत्यार लागत नाही झाडाले. ज्यानं डोया भरला त्याचाच हात लागते.’

‘अन् बांधला कोनं?’ वहिनी म्हणाली.

मायने पाठ कुंडीला आणखी घट्ट लावली. दमणीवरून नारायण म्हणाला, ‘अनसू, काय लावलं वं हे? आगगाडी निंगून जाईन बडनेऱ्याहून.’

‘जाऊ दे. दुसरी येते.’ वहिनी खाली बसली, फुटव्याचं एक पान तोडून तिने बोटांत चुरगळलं आणि मायच्या नाकापुढे धरलं. लिंबासारखा उग्र वास मला उभ्या जागी आला.

मायने तिचा हात झटकला. ‘मले हुंगाले सांगते? संत्र्याच्या मयात केस पिकले माये! जंबेरीचा वास तू शिकवशीन मले?’

बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती.

‘पह्यल्या दिशीच ओयखलं म्या,’ माय म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. ‘गूळ वाटला तवाच मालूम होतं. मंग? हिरवं तं आहे. घरात एक तं काही हिरवं दिसते. म्या म्हनलं फुटलं, तं फुटलं. तुयं मोकयं झालं नं? जाय नं मंग. तू अकोल्याले जाय, अन् हे मले राहू दे.’

आबा गोठ्याच्या दारात उभे होते, ते तिथेच राहिले. मला वाटलं, आता वहिनी उठेल आणि जाईल. तिला जायचं होतं, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि जायची वाट मोकळी होती, सासूनेच ती करून दिली होती. वहिनीने सुरी जमिनीवर ठेवली.

‘आत्याबाई, हे त्यायचं नोहे. हे खुंटाचं आहे. त्यायचं वर आहे.’

‘कुठी वर?’

वहिनीने मायचं बोट धरलं आणि वाळक्या काडीच्या बुडाशी, जोडाच्या जरा वर टेकवलं. मायला जवळचं दिसत नसे. ती चाचपत राहिली. ‘हे? हे तं काहीच नाही.’

‘एवढंच आहे.’

‘तिळाएवढं आहे वं.’

‘हो.’

‘खालचं काढलं अन् हेही गेलं तं?’

‘तं कुंडी खाली होईन.’

‘अन् नाही काढलं तं?’

‘तं मोठं झाड होईन. काट्याचं. आंबट फयं येतीन, कोनी तोडनार नाही. अन् लोक म्हनतीन, हे त्यायनं लावलेलं.’ वहिनीचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. ‘त्यायनं असं नव्हतं लावलं, आत्याबाई.’

नारायण गाडीतून उतरून बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आता तो घाई करत नव्हता. मग मायने बसल्या जागी कुंडी स्वतःकडे वळवून घेतली.

‘सुरी कायले पायजे याले?’ ती म्हणाली. ‘कवये आहेत. सुरीनं कापशीन तं बुडातून अजून फुटतीन. एवढं नाही शिकवलं का कोनं?’

तिने अंगठा फुटव्याच्या बुडाशी टेकवला आणि दाबला. फुटवा टचकन निखळला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी तिने बोटांनी त्याची पानं सरळ केली आणि मग तोही काढला. तिच्या अंगठ्याला काटा लागून रक्त आलं, ते तिने लुगड्याला पुसलं. एकही राहिला नाही. कुंडीत एक काळी, अर्धी वाळकी काडी उभी राहिली. ती पाहून कुणाही परक्याने ती कुंडी उकिरड्यावर नेऊन टाकली असती.

वहिनी उठायला लागली तशी मायने तिचा पदर धरला. ‘घेऊन जाय.’

‘काय?’

‘कुंडी. हे उद्या सकायी पुन्हा फुटन खालून. परवा फुटन. रोज पाहा लागन. आज झालं माया हातानं. रोज नाही होनार. हिरवं दिसलं का मी राहू देईन, मले मालूम आहे.’ आणि आबांकडे वळून, घरातल्या नेहमीच्या आवाजात, ‘तुमी काय पाहून राहिले उभे? पोतं आना, गाडीत हिंदकयन ते.’

आबांनी पोतं आणलं. वहिनी दमणीत बसली, कुंडी तिच्या मांडीवर पोत्यात गुंडाळून दिली. गाडी निघाली तेव्हा माय चाकाबरोबर चालत होती. ‘हळू हाका, नारायणराव. खड्ड्यातून नका घालू. ते डाव्या अंगानं घ्या.’ मळ्याचं फाटक गेलं, चिंच गेली, ती चालतच राहिली. दादा गेल्यापासून मायने फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पार सडकेला गाडी लागल्यावर ती थांबली. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात कुंडीभोवती होते.

पुढे वहिनीचा पाट अकोल्यातच लागला, एका शांत बागवानाशी. मीही शिक्षिका होऊन अकोल्यालाच आले आणि तिच्यापासून दोन गल्ल्यांवर आयुष्य काढलं. नात्याने ती माझी कुणी राहिली नव्हती. पण मी तिला वहिनीच म्हणत राहिले आणि तिचा नवराही मला ‘शांताबाई, तुमच्या वहिनीनं भाकरी दिल्या आहेत’ असंच म्हणायचा. लोक विचारायचे, कुणाची वहिनी? आम्ही दोघी सांगायचो नाही. या भाद्रपदात ती गेली तेव्हा तिच्या मुलांनी मला शेजारची म्हातारी म्हणून नव्हे, आत्या म्हणून पुढे बसवलं, याचं मला बरं वाटलं आणि त्यानंतर घरी येऊन मी खूप रडले.

पण मला त्या फाल्गुनाबद्दल सांगायचं आहे. वहिनी कुंडी घेऊन अकोल्याला गेल्यावर मायने तिचा विषय काढला नाही. अकोल्याहून कुणी आलं-गेलं तरी विचारलं नाही. शिमगा झाला, ऊन तापायला लागलं. आबा एक दिवस कांद्याचं बी आणायला म्हणून अकोल्याला गेले. घरात कांद्याचं बी होतं, त्याचं बोचकं माझ्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलेलं होतं, आणि मायने त्याकडे पाहूनही आबांना वाटेसाठी भाकर बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. पाय धुऊन जेवायला बसले. माय तव्यावर भाकर टाकून वाढायला उठली. तिने झुणका वाढला, ठेचा वाढला, पाण्याचा तांब्या ठेवला. आबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. नारायणरावाच्या म्हशीची गोष्ट सांगितली. मायने हूं म्हटलं. मग आबा ताटात पाहत म्हणाले, ‘फुटला.’

मायचा वाढता हात थांबला. ‘कुठून?’

‘वरून.’

‘तुमी पायलं?’

‘बोटानं चाचपलं. जोडाच्या वरून आहे. पान हुंगलं. संत्र्याचं आहे.’

माय होती तिथे खाली बसली, ठेच्याची वाटी तशीच हातात. ‘गनपत,’ ती म्हणाली. तो गेल्यापासून हे नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मग ती पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि आमच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात इतकं मोठ्याने रडली की बाहेर मोटेचे बैल कान टवकारून उभे राहिले. आबांनी ताट बाजूला सारलं. ते तिला गप्प करायला गेले नाहीत, नुसते जवळ सरकून बसले. तव्यावरच्या भाकरीतून धूर निघायला लागला होता. मी पुस्तक खाली ठेवलं, उठले आणि भाकर उलटली.